रहदारीच्या नोंदी : काय ठेवायचे, काय पुसायचे?

१९९४ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. इंग्लंडमधील लेस्टर शहरात डी मॉन्टफोर्ट विद्यापीठ आहे. तेथे त्या वेळी हजाराहून अधिक संगणक एकमेकांना जोडलेले होते. मात्र या सर्वांना मिळून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी वाट एकच होती, आणि तीही सेकंदाला ६४ हजार बिट वाहून नेणारी. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला आठ हजार बाइट झाले. दहा लाख बाइटचे एक छायाचित्र आणायचे, तर सर्वांनी आपली कामे थांबवून वाट मोकळी करून दिली तरी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार! ही वाट आणखी वर्षभर तरी रुंद होणार नव्हती. निदान तिच्यावर केव्हा किती गर्दी असते हे सर्वांना दिसावे, म्हणून तेथे काम करणाऱ्या तोबियास ओएटिकर या स्विस तरुणाने एक आज्ञावली लिहिली. ‘एमआरटीजी’ या नावाने ती १९९५ साली सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे जगभर वापरली गेली.

दर पाच मिनिटांनी रहदारीचा आकडा टिपायचा आणि त्याचा आलेख काढायचा, एवढेच तिचे काम. पण आकडे टिपू लागल्यावर एक प्रश्न उभा राहतोच : हे सारे साठवायचे कसे, आणि किती दिवस? वरवर हा प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो नववी-दहावीच्या सांख्यिकीचा आहे. वर्गात शिकवलेला मध्य, मध्यक आणि वारंवारता सारणी यांतला फरक येथे खऱ्या अर्थाने कामी येतो.

आकडा येतो कोठून?

जाळ्यातील रहदारी इकडून तिकडे वळवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. त्याच्या प्रत्येक जोडावर एक काउंटर असतो. आपल्या घरचा विजेचा मीटर जसा आजवर किती युनिट वीज गेली एवढेच सांगतो, तसा हा काउंटर आजवर किती बाइट गेले एवढेच सांगतो. आत्ताचा वेग त्याला ठाऊक नसतो. वेग आपण काढायचा : दोन वाचनांमधील फरकाला मधल्या वेळाने भागायचे. वीजबिलाचा हिशेब असाच होतो.

मीटरशी असलेले साम्य आणखी एका बाबतीत आहे. पाच आकडी मीटर ९९९९९ नंतर पुन्हा ००००० वर येतो. मागचे वाचन ९९९७० आणि आताचे ०००४५ असेल, तर वापर ७५ युनिट झाला हे विद्यार्थी चटकन सांगतील. राउटरमधील जुने काउंटर ३२ बिटांचे होते. ते ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाल्यावर शून्यावर येत. ६४ हजार बिटांच्या वाटेवर हा फेरा पुरा व्हायला सहा दिवस लागतात. सेकंदाला एक कोटी बिट नेणाऱ्या वाटेवर ५७ मिनिटे लागतात, आणि शंभर कोटी बिट नेणाऱ्या वाटेवर फक्त ३४ सेकंद! अशा वाटेवर आपण पाच मिनिटांनी डोकावलो, तर मध्ये काउंटर आठ वेळा फिरून गेला की एकदाच, हे कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून पुढे ६४ बिटांचे काउंटर आले. त्यांचा एक फेरा शंभर कोटी बिटांच्या वाटेवरही साडेचार हजार वर्षांहून अधिक काळ पुरतो. साठवणीचा विचार करण्याआधी मोजणी नीट आहे ना, हे असे तपासावे लागते.

थेंबे थेंबे तळे साचे

आता साठा किती होतो ते पाहू. पाच मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला २८८ नोंदी आणि वर्षाला १,०५,१२० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत वेळेसाठी ८ बाइट आणि आकड्यासाठी ८ बाइट धरले, तर वर्षाला १६,८१,९२० बाइट लागतात. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या फ्लॉपीवर १४ लाख ७४ हजारांच्या आसपास बाइट मावत. म्हणजे एका जोडाची एका दिशेची वर्षभराची नोंदही एका फ्लॉपीत बसत नसे. ४८ जोड असलेले एकच यंत्र घेऊन प्रत्येक जोडाची ये आणि जा अशी दोन्ही मोजली, तर सुमारे ११० फ्लॉपी लागल्या असत्या.

शिवाय आलेखाचाही प्रश्न होता. पडद्यावरील आलेख जेमतेम चारशे ठिपके रुंद. वर्षाच्या लाखभर नोंदी त्यात दाखवायच्या, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला अडीचशेहून अधिक नोंदी येणार आणि त्यांची सरासरीच काढावी लागणार. मग ती सरासरी आधीच काढून का ठेवू नये?

एमआरटीजीने नेमके हेच केले. जुन्या नोंदी सरसकट टाकून न देता त्या टप्प्याटप्प्याने जाड केल्या :

– पाच मिनिटांच्या ६०० नोंदी. त्या २ दिवस २ तास पुरतात.
– अर्ध्या तासाच्या ६०० नोंदी. त्या साडेबारा दिवस पुरतात.
– दोन तासांच्या ६०० नोंदी. त्या ५० दिवस पुरतात.
– एका दिवसाच्या ७३२ नोंदी. त्या दोन वर्षे पुरतात.

दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष अशा चार आलेखांसाठी हे चार टप्पे. एकूण नोंदी फक्त २,५३२. दोन वर्षांच्या सर्व नोंदी ठेवल्या असत्या तर त्या २,१०,२४० झाल्या असत्या. साठा ८३ पटींनी कमी झाला आणि तो पुढे कधी वाढणारही नाही, ही त्यातली मोठी सोय.

ओएटिकर यांनी १९९९ साली हीच कल्पना ‘आरआरडीटूल’ या स्वतंत्र आज्ञावलीत अधिक नेटकेपणाने मांडली. तिची रचना रहाटगाडग्यासारखी आहे. रहाटाला गाडगी मोजकीच असतात. सहाशे गाडगी भरली की सहाशे एकावी नोंद पहिल्या गाडग्यात जाते आणि त्यातील जुनी नोंद पुसली जाते. फाइल तयार करतानाच तिचा आकार ठरतो आणि तो कायम राहतो. रात्री-बेरात्री डिस्क भरून यंत्र बंद पडण्याची धास्ती राहत नाही.

सरासरीने काय पुसले?

या सोयीची किंमत कोणती, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, ६४ हजार बिटांच्या त्या वाटेवर अर्ध्या तासात पुढील सहा नोंदी झाल्या (आकडे हजार बिटांत) : ४, ६, ५, ६४, ६२, ९.

यांची बेरीज १५० आणि सरासरी २५. आणखी दीड तासात तीन अर्ध्या तासांच्या सरासऱ्या ५, ७ आणि ११ आल्या, तर दोन तासांची सरासरी १२ होते. पन्नास दिवसांच्या टप्प्यात आपल्याला एवढा एकच आकडा दिसेल. वाट ६४ ची, वापर १२ चा. कोणीही म्हणेल, वाट चार-पंचमांश रिकामी आहे, ती रुंद करण्याचे काय कारण? प्रत्यक्षात मात्र दहा मिनिटे ती तुडुंब भरलेली होती आणि त्या वेळी बसलेल्यांचे काम अडले होते. त्यांची तक्रार खरी होती. पुरावा मात्र सरासरीत विरघळून गेला.

यात सरासरी खोटी नाही. ‘एकूण किती बाइट गेले?’ या प्रश्नाचे उत्तर ती आजही अचूक देते, कारण १२ ला दोन तासांच्या सेकंदांनी गुणले की एकूण बेरीज परत मिळते. ‘वाट केव्हा अपुरी पडली?’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तिच्यात नाही. आपण शाळेत महिन्याची सरासरी हजेरी कळवतो, तेव्हा दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी मुले गैरहजर राहतात ही गोष्ट अशीच नाहीशी होते.

म्हणून या आज्ञावल्यांमध्ये सरासरीबरोबर कमाल आकडाही जपण्याची सोय आहे. वरील उदाहरणात सरासरी १२ आणि कमाल ६४ असे दोन आकडे ठेवले असते, तर गर्दी झाली होती एवढे तरी कळले असते. मात्र ती पाच मिनिटे टिकली की तासभर, हे कमाल आकडाही सांगत नाही.

बेरजेत टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या गोष्टी

आता सांख्यिकीतील मर्माचा मुद्दा येतो. नोंदी टप्प्याटप्प्याने जाड करायच्या, तर लहान टप्प्यांच्या सारांशावरून मोठ्या टप्प्याचा सारांश काढता आला पाहिजे. हे कोणत्या सारांशाबाबत शक्य आहे?

बेरजेबाबत शक्य आहे : अर्ध्या तासांच्या बेरजा मिळवल्या की दिवसाची बेरीज होते. कमाल आकड्याबाबतही शक्य आहे : कमाल आकड्यांतील कमाल, तोच दिवसाचा कमाल. सरासरीबाबत शक्य आहे, पण प्रत्येक गटात नोंदींची संख्या सारखी असेल तरच. म्हणून सरासरीऐवजी बेरीज आणि नोंदींची संख्या असे दोन आकडे ठेवणे अधिक सुरक्षित.

मध्यकाबाबत मात्र हे जमत नाही. तीन गट घ्या : (१, २, ९), (१, ३, ९) आणि (८, ८, ९). त्यांचे मध्यक अनुक्रमे २, ३ आणि ८. या मध्यकांचा मध्यक ३. आता नऊही संख्या चढत्या क्रमाने लावा : १, १, २, ३, ८, ८, ९, ९, ९. खरा मध्यक ८ आहे! तीनाचे आठ झाले. हे उदाहरण फळ्यावर जरूर करून दाखवावे.

मध्यकाला जे लागू, तेच शतमकाला लागू. आणि शतमकावर पैसे अवलंबून असतात. मोठ्या जोडण्यांचे बिल अनेक ठिकाणी ९५ व्या शतमकावर आकारतात. तीस दिवसांच्या महिन्यात पाच मिनिटांच्या ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी, सोडून द्यायच्या आणि त्यानंतरचा आकडा बिलासाठी धरायचा. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यातील एवढ्या वेळेची गर्दी ग्राहकाला माफ असते, असा याचा अर्थ.

समजा, एका जोडणीवर रोज दोन तासांच्या एका टप्प्यात ८० मिनिटे १०० इतकी रहदारी असते आणि उरलेल्या सर्व वेळी १०. रोजच्या १६ नोंदी, तीस दिवसांच्या ४८०. त्या ४३२ पेक्षा जास्त आहेत, म्हणून बिल १०० चे येईल. आता मूळ नोंदी पुसल्या गेल्या असून दोन तासांच्या सरासऱ्याच शिल्लक आहेत असे धरा. त्या टप्प्याची सरासरी ७० येते. महिन्यातील ३६० सरासऱ्यांपैकी वरच्या १८ सोडल्या, तरी ७० च्या बारा उरतात. बिल ७० चे निघेल.

गर्दी ८० ऐवजी ६० मिनिटेच असेल तर? रोजच्या १२ नोंदी, महिन्याच्या ३६०. त्या सर्व माफीत जातात आणि खरे बिल १० चेच येते. पण दोन तासांची सरासरी ५५ होते, आणि सरासऱ्यांवरून बिल ५५ चे निघते. म्हणजे चूक कधी कंपनीच्या अंगावर येते, तर कधी ग्राहकाच्या. ती किती आणि कोणत्या बाजूला, हे नंतर सरासऱ्या पाहून सांगता येत नाही. ज्याला असे बिल द्यायचे वा तपासायचे आहे, त्याने पाच मिनिटांच्या मूळ नोंदी निदान बिलाचा महिना संपून हिशेब मिटेपर्यंत जपल्याच पाहिजेत.

मूळ नोंदी जपणे परवडत नसेल, तर एक मधला मार्ग आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे : वारंवारता सारणी. वाटेच्या क्षमतेचे ०–१६, १६–३२, ३२–४८, ४८–६४ असे चार वर्ग पाडा. वरील सहा नोंदींची सारणी ४, ०, ०, २ अशी होते. शेवटच्या वर्गातील २ म्हणजे दहा मिनिटांची गर्दी. ती येथे पुसली गेली नाही. दिवसाच्या २८८ नोंदींच्या जागी चार संख्या पुरतात, आणि अशा सारण्यांची बेरीज करता येते. वर्ग अधिक बारीक केले तर शतमकही बऱ्याच अंशी काढता येतो. गर्दी नेमकी किती वाजता झाली, एवढे मात्र सारणीत उरत नाही.

शून्य आणि ‘माहीत नाही’

साठवणीची पद्धत निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कधी वीज जाते, कधी राउटर बंद असतो, आणि नोंद होत नाही. त्या जागी शून्य लिहिले तर सरासरी विनाकारण खाली येते. परीक्षेला न बसलेल्या मुलाला शून्य गुण देऊन वर्गाची सरासरी काढण्यासारखेच ते आहे. आरआरडीटूलमध्ये अशा जागी ‘अज्ञात’ अशी वेगळी खूण राहते. एखाद्या टप्प्यातील किती भाग अज्ञात असला तरी त्याची सरासरी ग्राह्य धरायची, हेही आधी ठरवून द्यावे लागते. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की काउंटरही शून्यापासून सुरू होतो. तो फेरा पुरा झाला असे समजून हिशेब केला, तर आलेखात आभाळाला भिडणारा खोटा सुळका उगवतो.

आज डिस्क स्वस्त आहे, मग?

आज लाख बाइटांची काटकसर कोण करतो, असे कोणी विचारील. एका यंत्राचे वर्षाचे सोळा कोटी बाइट आता किरकोळ आहेत हे खरे. पण मोजमापेही वाढली. दर दहा सेकंदांनी नोंद घेतली तर साठा तीसपट होतो. अशी हजार यंत्रे असली तर वर्षाला ४ लाख ८० हजार कोटी बाइटांच्या पुढे जातो.

यावर नवा उपाय निघाला तो काहीही न पुसता आकुंचन करण्याचा. नोंदींच्या वेळा बहुधा सारख्या अंतराने येतात : ३००, ३००, ३०० सेकंद. अंतरांमधील फरक काढला तर ०, ०. हे शून्य लिहायला एक बिट पुरतो. रहदारीचे आकडेही बहुधा आधीच्या आकड्याच्या जवळपास असतात, म्हणून पूर्ण आकड्याऐवजी बदल तेवढा लिहायचा. फेसबुक कंपनीतील अभियंत्यांनी ‘गोरिला’ नावाच्या अशा साठ्याचे वर्णन २०१५ साली प्रसिद्ध केले. त्यात १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांत बसली. अलीकडे वापरात असलेल्या ‘प्रोमेथिअस’ या आज्ञावलीतही आकुंचनाची पद्धत या धर्तीचीच आहे. तरीही वेगळे सांगितले नाही, तर ती १५ दिवसांनंतरच्या नोंदी काढून टाकते. पुसण्याचा प्रश्न स्वस्त डिस्कनेही पुरता मिटवलेला नाही.

किती दिवस जपायचे, हे काही बाबतीत कायदाही ठरवतो. भारतात ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संगणक-यंत्रणांच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. येथे एक भेद लक्षात ठेवावा. ‘किती बाइट गेले’ ही एक माहिती, आणि ‘कोणत्या संगणकाने कोणाशी संपर्क साधला’ ही दुसरी. पहिलीत व्यक्ती दिसत नाही, दुसरीत दिसते. दुसरी माहिती साठवताना जागेचा हिशेब पुरेसा नाही. ती कोण पाहील आणि केव्हा पुसली जाईल, हेही लिहून ठेवले पाहिजे.

वर्गात करून पाहा

शाळेच्या फाटकाच्या आतून रस्त्यावरील वाहने एक तास मोजा. दर पाच मिनिटांनी एक आकडा, म्हणजे बारा नोंदी होतील. शाळा सुटण्याची वेळ त्यात येईल असे पाहा. नंतर तीन गट करा. पहिल्या गटाने फक्त सरासरी ठेवावी, दुसऱ्याने सरासरी आणि कमाल, तिसऱ्याने चार वर्गांची वारंवारता सारणी. मूळ कागद शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावा. मग पुढील प्रश्न विचारा :

१. तासाभरात एकूण किती वाहने गेली?
२. सर्वांत गर्दीच्या पाच मिनिटांत किती वाहने गेली?
३. रस्ता ओलांडणे कठीण होईल इतकी गर्दी किती मिनिटे होती?
४. ती गर्दी किती वाजता झाली?

पहिला प्रश्न पहिल्या दोन गटांना अचूक सुटेल, तिसऱ्या गटाला अंदाज सांगता येईल. दुसरा प्रश्न दुसऱ्या गटालाच नेमका सुटेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या गटाकडे मिळेल. चौथ्याचे उत्तर मूळ कागदाशिवाय कोणाकडेच नसेल. आता मुलांना विचारा की शाळा सुटताना फाटकाशी पोलीस नेमावा असा अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला करायचा असेल, तर बारा नोंदींपैकी काय जपायला हवे होते? ही चर्चा नोंदी घेण्याच्या आधी झाली असती, तर गटांनी कागदावर काय वेगळे लिहिले असते, हेही त्यांच्याकडूनच काढून घ्या.